डॉट इनखाली नवे राखीव वर्ग काढावेत का, आणि थांबायचं कुठे?

नामपट्टी (प्रश्न)

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५च्या परिपत्रकात सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँक.इनवर, म्हणजे शेवटी बँक.इन असलेल्या संकेतस्थळ-पत्त्यांवर, यायला सांगितलं आणि तिथल्या नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकट्या बँक-तंत्रज्ञान संस्थेकडे दिलं. तेव्हापासून 'आम्हालाही असा वर्ग हवा' ही मागणी वाढली आहे. शाळा, दवाखाने, पतसंस्था, नगरपालिका, शिवाय प्रत्येक राज्याला स्वतःचा. उलट जर्मनीच्या डॉट डीईखाली असे वर्गच नाहीत. कंपनी असो की क्लब, सगळे थेट नाव.डीई घेतात आणि एक कोटीहून कितीतरी जास्त नावं तशी सुखाने चालतात.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. वर्ग काढावा की नाही हे कशावरून ठरवायचं? राज्य-जिल्हा-तालुका अशी उतरंड नावात आणावी का? आणि देवनागरी अक्षरांतल्या डॉट भारतसाठी हीच रचना जशीच्या तशी चालेल का? 'सोयीचं वाटतं' यापलीकडची कारणं असतील तर ती वाचायला आवडतील.

---

शेवटचाठिपका

पहिल्या प्रश्नाला माझा निकष एकच. वर्गाच्या दारात कागद तपासणारा कोणी असेल तरच वर्ग काढावा. नसेल तर तो वर्ग वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, नाव मात्र चार अक्षरांनी लांबवतो.

आपल्याकडे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. गव्ह.इन केंद्र सरकारची संगणक-संस्था एनआयसी देते, एसी.इन, ईडीयू.इन आणि रेस.इन शिक्षण-संशोधनाचं जाळं चालवणारी अर्नेट देते, मिल.इन सैन्यासाठी. हे पत्ते पाहिले की मागे कोण आहे याबद्दल काहीतरी निश्चित कळतं. आता को.इन, फर्म.इन, ऑर्ग.इन, जेन.इन, इंड.इन घ्या. फर्म.इन घ्यायला फर्म लागत नाही, ऑर्ग.इन घ्यायला संस्था लागत नाही. नावावरून काही ओळखावं अशी सोयच नाही.

हे असं का झालं ते इतिहासात आहे. डॉट इन १९८९पासून आहे. सुरुवातीची बरीच वर्षं नोंदणी मुंबईत, जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक-संशोधन संस्थेकडे होती. कागदपत्रं द्यायची आणि वर्गाखालीच नाव मिळायचं, थेट नाव.इन नाही. २००४च्या अखेरीपर्यंत जेमतेम सात हजारांच्या आसपास नावं होती. १ जानेवारी २००५पासून निक्सी या संस्थेने डॉट इनचा कारभार घेतला. आधी तीन आठवडे ट्रेडमार्कवाल्यांना अग्रक्रम, आणि १६ फेब्रुवारीपासून थेट नाव.इन सर्वांना खुलं. ते योग्यच झालं. पण को.इन वगैरे वर्ग तसेच ठेवून त्यांची तपासणी काढली. आता दुकानदाराला नाव.इन घेतलं तरी नाव.को.इन दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून तेही घ्यावं लागतं. दोन्ही दरवर्षी नूतनीकरण करायचे आणि दोन्हींवरची मेल सांभाळायची.

आधी वर्ग आणि मग थेट नाव, हा क्रम जिथे जिथे झाला तिथे तंटे झाले. ब्रिटनने १० जून २०१४ला थेट नाव.यूके सुरू केलं. को.यूकेच्या मालकासाठी ते नाव पाच वर्षं राखून ठेवलं आणि २५ जून २०१९ला तो हक्क संपल्यावर जुलैत उरलेली नावं खुली केली. तिथे को.यूकेवाल्याला वरचढ मानल्यामुळे निकाल सोपा होता. ऑस्ट्रेलियात २४ मार्च २०२२ला थेट नाव.एयू आलं तेव्हा कॉम.एयू, नेट.एयू, ऑर्ग.एयू यांचे तीन वेगळे मालक एकाच नावावर हक्क सांगू शकत होते. त्यांनी ४ फेब्रुवारी २०१८ ही रेघ आखली. त्याआधीची नोंद असलेले सगळे पहिल्या गटात. त्यांच्यात समझोता झाला तर एकाला नाव मिळतं, नाही तर सगळे दरवर्षी अर्ज नूतनीकरण करत राहतात आणि नाव तोपर्यंत कोणालाच मिळत नाही.

म्हणून नव्याने रचना करायची असती तर मी असं म्हटलं असतं: सर्वसामान्यांना पहिल्या दिवसापासून थेट नाव.देश, आणि त्याखेरीज फक्त तपासणीवाले मोजके बंद वर्ग. मधला खुला वर्ग एकही नको.

निक्सीच्या यादीत अलीकडे एआय.इन, आयओ.इन, यूएस.इन, यूके.इन, यूपी.इन, डीआर.इन असेही वर्ग आहेत. डीआर.इन वाचून डॉक्टर वाटतो. तिथे वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक तपासला गेला तरच त्या दोन अक्षरांना अर्थ आहे. यूपी.इन वाचून उत्तर प्रदेश सरकार वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ते वाटणं हाच धोका. वर्गाचं नाव निवडताना सामान्य माणूस ते कसं वाचेल हे आधी पाहायला हवं.

तुमच्या यादीपुरतं बोलायचं तर नगरपालिकांना वेगळा वर्ग नको, गव्ह.इन आहेच. शाळांना सरकारी यादीतला यू-डायस क्रमांक असतो, म्हणजे तपासणी शक्य आहे. पतसंस्थांचं प्रकरण महत्त्वाचं आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७मुळे त्या नावात 'बँक' लावू शकत नाहीत, त्यामुळे बँक.इन त्यांना मिळायचा नाही. पण सहकार कायदा १९६०खाली प्रत्येक पतसंस्थेची नोंदणी होते आणि सहकार आयुक्तालयाकडे ती यादी आहे. तपासणारा तयार आहे, फक्त त्याला काम द्यायचं आहे. महाराष्ट्रातल्या ठेवीदारांचा विचार केला तर मी हा वर्ग सगळ्यात वर ठेवीन. दवाखान्यांची एकच राष्ट्रीय, बंधनकारक यादी हाताशी नाही तोवर तो वर्ग काढू नये.

---

मूळनोंद

वरच्या निकषाशी सहमत. पण वर्ग काढण्याची तांत्रिक किंमत कोणी मोजत नाही, म्हणून ती मांडतो.

बंद वर्ग बहुधा वेगळा झोन म्हणून चालवतात. झोन म्हणजे डीएनएसमधला (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतला) नोंदींचा स्वतंत्र संच. त्याच्या स्वतःच्या एनएस नोंदी (उत्तर कोणता सर्व्हर देतो हे सांगणाऱ्या), स्वतःच्या डीएनएसएसईसी चाव्या (उत्तर खरं आहे हे सहीने पटवणाऱ्या), आणि वरच्या झोनमध्ये त्या चावीची खूण म्हणजे डीएस नोंद. वर्ग दहा असतील तर चावी बदलण्याचे सोहळेही दहा. चूक नेमकी इथे होते. जुनी डीएस नोंद जगभरच्या रिझॉल्व्हरांच्या (लोकांसाठी पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरांच्या) कॅशमध्ये तिचा टीटीएल, म्हणजे साठवण्याची मुदत, संपेपर्यंत राहते. टीटीएल ८६,४०० सेकंद असेल तर पूर्ण एक दिवस. नवी डीएस टाकून तासाभरात जुनी चावी काढली तर कॅशमधली जुनी डीएस आणि झोनमधली नवी चावी जुळत नाहीत. तपासणी करणारा रिझॉल्व्हर सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता येत नाही' असा संदेश, देतो आणि त्या वर्गातलं प्रत्येक नाव त्याच्यापुरतं बंद पडतं. न्यूझीलंडमध्ये मे २०२३मध्ये दुसऱ्या पातळीच्या वर्गांच्या चाव्या बदलताना याच प्रकारचा घोटाळा झाला. वापरणाऱ्याची काही चूक नव्हती, वर्ग अस्तित्वात होते एवढंच. नवी डीएस दिसू लागल्यावर टीटीएलच्या दुप्पट वेळ थांबा आणि मगच जुनी चावी काढा, हा नियम कामाच्या यादीत लिहूनच ठेवावा.

एक जुनं उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १२ ऑक्टोबर २००९ला स्वीडनच्या झोनफाईलमध्ये नावांच्या शेवटचा ठिपका गळला आणि सगळा डॉट एसई कोलमडला. आधीच्या सदस्यांचं टोपणनाव त्यावरूनच असावं. स्वाक्षरी होण्याआधी फाईल तपासणारी पायरी प्रत्येक झोनला हवी, लहान वर्गालाही.

दुसरी किंमत पब्लिक सफिक्स यादीची. को.इन किंवा गव्ह.इन हे स्वतः कोणाचं नाव नसून त्यांच्याखाली वेगवेगळे मालक आहेत, हे ब्राउझरला डीएनएसमधून कळत नाही. मोझिलाने सुरू केलेल्या या यादीतून कळतं. नवा वर्ग यादीत नसेल तर काय होतं? त्या वर्गातली कुठलीही एक साईट संपूर्ण वर्गासाठी कुकी (ब्राउझरमध्ये साठणारी ओळखीची छोटी नोंद) लावू शकते, आणि ती शेजारच्या साईटलाही पाठवली जाते. बँकांच्या वर्गात हे घडणं किती वाईट ते सांगायला नको. शिवाय यादी ब्राउझरच्या आतच भरलेली असते, त्यामुळे आज टाकलेली नोंद अद्ययावत न होणाऱ्या जुन्या फोनवर कधीच पोचत नाही. म्हणून यादीतला बदल आधी, पहिली नोंदणी नंतर, आणि मध्ये काही महिन्यांचं अंतर.

संकेतस्थळ खरं असल्याची ब्राउझरला खात्री देणारी प्रमाणपत्रंही याच यादीवर अवलंबून आहेत. संपूर्ण वर्गाला झाकणारं वाइल्डकार्ड प्रमाणपत्र कोणालाही मिळू नये म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था हीच यादी बघतात. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची आठवड्याला ५० नव्या प्रमाणपत्रांची मर्यादा यादीनुसार ठरणाऱ्या 'नोंदणीकृत नावा'वर मोजली जाते. गव्ह.इन यादीत आहे, महाराष्ट्र.गव्ह.इन हे त्याखालचं एक नाव. त्यामुळे महाडीबीटी.महाराष्ट्र.गव्ह.इनसारखी सगळी पोर्टलं एकाच कोट्यात येतात. एका विभागाच्या बिघडलेल्या स्क्रिप्टने कोटा संपवला की दुसऱ्या विभागाचं नवं प्रमाणपत्र अडकतं. मर्यादा वाढवून घेण्याचा अर्ज आधीच करून ठेवावा.

आणि बंद वर्गाचा एक फायदा, ज्याची चर्चाच होत नाही. आरएफसी ९०९१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामुळे वर्गाच्या पातळीवरच डीमार्क धोरण (आपल्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करावं हे सांगणारी नोंद) ठेवता येतं. वर्गाच्या नोंदीत 'एनपी=रिजेक्ट' असेल तर त्या वर्गात अस्तित्वातच नसलेल्या नावावरून आलेली मेल नाकारावी, असं घेणाऱ्या सर्व्हरला सांगता येतं. भामटा खऱ्या बँकेचं नाव वापरतो तेव्हा त्या बँकेचं डीमार्क कामी येतं. पण तो 'केवायसी-विभाग.बँक.इन' असं कुणाचंच नसलेलं नाव बनवतो तेव्हा वर्गाचं धोरणच आडवं येऊ शकतं. सगळे मेल सर्व्हर ते पाळतातच असं नाही, तरीही ही एक ओळ टाकायला काही पडत नाही.

---

नामपट्टी

डीमार्कचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे, आभार. उतरंडीबद्दल मात्र अजून अडलंय. ग्रामपंचायत.तालुका.जिल्हा.महाराष्ट्र.गव्ह.इन अशी रचना कागदावर फार स्वच्छ दिसते. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. एवढी नावं एका पातळीवर कशी मावणार?

---

शेवटचाठिपका

डीएनएसला मावण्याची अडचण नाही, एका झोनमध्ये कोट्यवधी नावं चालतात. एका तुकड्याला ६३ आणि पूर्ण नावाला २५३ अक्षरांची मर्यादा आहे, तीही इथे आड येत नाही. अडचण दुसरीकडे आहे: कारभाराच्या सीमा बदलतात आणि छापलेला पत्ता बदलत नाही.

अमेरिकेने हा प्रयोग केला. १९९३च्या आरएफसी १४८०प्रमाणे नगरपालिकेचं नाव सीआय.शहर.राज्य.यूएस असं असायचं. लोकांना ते लांब वाटलं, लक्षात राहिलं नाही, आणि २००२मध्ये थेट नाव.यूएस खुलं करावं लागलं. आज सॅन फ्रान्सिस्कोचं सरकारी संकेतस्थळ एसएफ.गव्ह आहे. कॅनडात एकाच प्रांतात काम करणाऱ्या कंपनीला प्रांताखाली नाव मिळायचं, जसं ओएन.सीएखाली ऑन्टारियोचं. धंदा दुसऱ्या प्रांतात वाढला की नावच खोटं ठरायचं. २०१०नंतर प्रांताखाली नवी नावं देणं बंद झालं.

आता आपल्याकडे बघा. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०२३मध्ये औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबाद धाराशिव, २०२४मध्ये अहमदनगर अहिल्यानगर. जिल्ह्याचं नाव पत्त्याच्या मधोमध असतं तर त्याखालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा पत्ता, प्रत्येक मेल, प्रत्येक प्रमाणपत्र एका दिवसात जुनं झालं असतं. विकेंद्रित कारभार हवा तर झोन वाटून द्या. नावात उतरंड दिसली नाही तरी अधिकार वाटता येतात, कारण नोंदी बदलण्याचा हक्क नोंदणी यंत्रणेत देता येतो.

गावांसाठी माझी सूचना अशी. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक ग्रामपंचायतीला क्रमांक आहे. तो क्रमांक हेच कायमचं, न बदलणारं नाव ठेवावं, उदाहरणार्थ क्रमांक.महाराष्ट्र.गव्ह.इन. दाखले, क्यूआर कोड, एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवायची माहिती यांत फक्त हेच वापरावं. त्यावर माणसांसाठी वाचनीय नाव: वडगाव-मावळ, वडगाव-बुद्रुक असं जोडनाव, कारण नुसतं 'वडगाव' डझनांनी आहेत. गावाचं किंवा तालुक्याचं नाव बदललं तर वाचनीय नाव नवं काढायचं, क्रमांक तसाच राहतो.

जुनं नाव मात्र कधीही सोडू नये. त्यावर ३०१ने (कायमचा पत्ताबदल सांगणाऱ्या उत्तराने) नव्या पत्त्याकडे वळवणं, चालू प्रमाणपत्र आणि मेल कुठे पोचवायची हे सांगणारी एमएक्स नोंद तीन्ही चालू ठेवावीत. लोक पहिलं ठेवतात आणि दुसरं विसरतात. मग जुन्या पत्त्यावर ब्राउझर आधीच इशारा दाखवतो, वळवण्यापर्यंत गाडी पोचतच नाही. गव्ह.इनचा इथे मोठा आधार आहे, कारण सोडलेलं नाव बाहेरचा कोणी विकत घेऊ शकत नाही. सरकारी योजनेसाठी खुल्या डॉट इनवर घेतलेलं नाव मुदत संपल्यावर कोणीही घेऊ शकतो, आणि त्या नावावर येणारी नागरिकांची मेलही त्याच्याकडेच जाते. आज राज्यातले पत्ते पाहिले तर आपले सरकार महाऑनलाइन.गव्ह.इनखाली, सातबारा महाभूमी.गव्ह.इनखाली, महाडीबीटी महाराष्ट्र.गव्ह.इनखाली, आणि महावितरण खुल्या डॉट इनवर. नागरिकाला एकच खूण सांगायची सोय राहत नाही. वीज तोडण्याच्या धमकीचे खोटे संदेश फिरतात तेव्हा 'पत्त्याच्या शेवटी अमुक असेल तरच खरं' असं एका वाक्यात सांगता यायला हवं.

---

अक्षरवळण

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. डॉट भारत देवनागरीत २७ ऑगस्ट २०१४ला सुरू झालं. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी, सिंधी अशा भाषा त्या एकाच नावाखाली येतात. पेच इथूनच सुरू होतो: एक लिपी, अनेक शुद्धलेखनं.

मराठीत नागपूर, हिंदीत नागपुर. डीएनएसला ही दोन पूर्ण वेगळी नावं आहेत आणि दोन वेगळ्या माणसांना मिळू शकतात. धुळे आणि धुलिया यांचंही तेच. त्यामुळे सरकारी नावांपुरता तरी नियम हवा: मराठी रूप मुख्य, हिंदी रूप त्याच मालकाकडे राखीव. चीनने सोप्या आणि पारंपरिक लिपीतली रूपं एकाच मालकाला देण्याची पद्धत ठेवली आहे, ती तत्त्वतः आपल्यालाही लागू पडते. फक्त आपल्याकडे फरक लिपीचा नसून शुद्धलेखनाचा आहे, म्हणून तक्ता यंत्राने तयार होणार नाही. माणसांनी बसून करावा लागेल.

मग मराठीची खास अक्षरं. कऱ्हाड घ्या. 'ऱ्हा' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोडमधलं यू+०९३१, त्याला हलन्त आणि मग हा. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे. डोळ्यांना दोन्ही सारखे. जुन्या नियमांवर चालणारं सॉफ्टवेअर नाव रूपांतरित करताना तो अदृश्य जोडक गुपचूप टाकून देतं, आणि 'ऱ्हा'चा रफार होऊन भलतंच नाव शोधलं जातं. 'सापडलं नाही' असा संदेश येतो आणि का ते कळत नाही. रूट झोनसाठीच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवरच्या नावांसाठीच्या, देवनागरी नियमांत म्हणूनच जोडक नाही, आणि ऱ फक्त हलन्तासोबत घेतला आहे. वर्गांसाठीही हेच ठेवावं, आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये जोडक आला तर नाकारण्याऐवजी योग्य रूप सुचवावं.

ॲचं असंच. तो एक अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा अ आणि वर चंद्र असा दोन तुकड्यांत. दिसायला एकच. मात्रा व्यंजनावरच चालेल हा नियम लावला की दुसरं रूप आपोआप बाद होतं. मात्र अनेक कळफलक तेच रूप उमटवतात, म्हणून इथेही फॉर्मने दुरुस्त करून द्यायला हवं. 'रव' आणि 'ख' यांचा गोंधळ नियमाने सुटत नाही, तो अक्षरवळणाचा आहे. बंद वर्गात तपासणारा माणूस तो पकडू शकतो, खुल्या नोंदणीत कोणी पकडत नाही.

राहिली वर्गांची नावं. सरकार.भारत आहे आणि तो वाचायला गव्ह.इनपेक्षा सोपा आहे. पण गव्ह.इनखालचं नाव आणि सरकार.भारतखालचं नाव यांचा मालक एकच असावा हे धोरणातच बांधून टाकलं पाहिजे. आणि देवनागरी पत्त्यावरची मेल अजून सगळीकडे पोचत नाही. समोरच्या सर्व्हरला अशा मेलपत्त्यांचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ६५३१ची सोय असावी लागते. तोवर प्रत्येक देवनागरी मेलपत्त्याला इंग्रजी अक्षरांतला जोडपत्ता त्याच पेटीवर द्यावा.

---

नामपट्टी

पतसंस्थांच्या वर्गाचा मसुदा करायचा ठरवलं तर कामांचा क्रम कसा लावाल?

---

मूळनोंद

आधी सहकार खात्याची यादी संगणकाने विचारता येईल अशी करून घ्या: नोंदणी क्रमांक दिला की संस्थेचं नाव आणि चालू, अवसायनात (गुंडाळून हिशेब मिटवण्याच्या प्रक्रियेत) किंवा रद्द अशी स्थिती परत यायला हवी. हे नसेल तर पुढचं काहीच सुरू करू नये. मग वर्गाचं नाव ठरवून झोन उभा करा, स्वाक्षरी करा, डीएस वर द्या आणि रिकामा झोन महिनाभर चालवून त्यात एकदा चावी बदलून पाहा. त्याच काळात पब्लिक सफिक्स यादीत नोंद करा आणि वर्गाची डीमार्क ओळ टाका. मग जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस संस्था घेऊन सुरुवात.

नोंदणीच्या अटी कमी पण पक्क्या ठेवा: एका संस्थेला एकच मुख्य नाव, प्रत्येक नावाला डीएनएसएसईसी आणि डीमार्क सक्तीचं, मालकी पदाधिकाऱ्याच्या नावे न ठेवता संस्थेच्या नावे, संपर्काचा मोबाइल दोन पदाधिकाऱ्यांचा. डीएनएसएसईसीची सक्ती शक्य आहे हे ब्राझीलने बँकांच्या बी.बीआर वर्गात दाखवलं आहे.

सगळ्यात दुर्लक्षित भाग शेवटचा. संस्था अवसायनात गेली की काय? नाव लगेच बंद केलं तर ठेवीदारांचा संपर्क तुटतो, तसंच ठेवलं तर जुने पदाधिकारी ते वापरत राहतात. नाव अवसायकाच्या ताब्यात जावं, पानावर फक्त त्याची सूचना आणि दावा कसा करायचा हे असावं, आणि अवसायन संपल्यावरही ते नाव पुन्हा कोणाला देऊ नये.